पाळी चुकल्यास काय करावे: नाशिकमधील मुली आणि स्त्रियांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पाळीची तारीख उलटली की पुष्कळ घरांत ठरलेले उपाय सुरू होतात. कोणी पपई खायला सांगते, कोणी तीळ आणि गूळ, कोणी ओव्याचे पाणी, आणि एवढे करूनही चार-आठ दिवसांत काही झाले नाही की ओळखीच्या मेडिकलमधून ‘पाळी येण्याची गोळी’ आणली जाते. पाळी का थांबली हा प्रश्न मात्र विचारलाच जात नाही, किंवा सगळे करून झाल्यावर विचारला जातो. हा क्रम उलटा आहे आणि त्यातून खरे नुकसान होते, म्हणून या लेखात आधी कारण शोधणे आणि मग गरज असेल तरच गोळी घेणे, या क्रमाने काय करावे ते सांगितले आहे. शिक्षणासाठी गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या वसतिगृहात नव्याने राहायला आलेल्या मुली, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या तरुणी आणि लग्न होऊन नाशिकला आलेल्या स्त्रिया यांना विश्वासाने विचारता येईल असे मोठे माणूस पुष्कळदा जवळ नसते. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

पहिली पायरी: दिवस नीट मोजणे

पाळीचे चक्र रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. पाळी संपल्यापासून मोजत नाहीत. ५ जूनला पाळी आली आणि पुढची ७ जुलैला आली, तर ते चक्र ३२ दिवसांचे झाले. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र आणि दोन ते सात दिवसांचा रक्तस्राव सर्वसाधारण मानला जातो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलींचे चक्र ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते, कारण त्या काळात दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही. म्हणून ‘महिन्याच्या त्याच तारखेला आली नाही’ एवढ्यावरून पाळी चुकली असे म्हणता येत नाही. ज्या स्त्रीचे चक्र एरवी २८ ते ३२ दिवसांचे असते, तिला एखाद्या महिन्यात, परीक्षा, प्रवास, ताप किंवा घरातील एखादे दुःख यांमुळे, आठवडाभर उशीर होऊ शकतो आणि पुढच्या महिन्यात सगळे पूर्ववत होते.

मागील सहा महिन्यांच्या तारखा कालनिर्णयच्या पानावर खूण करून किंवा फोनमध्ये नोंदवून ठेवाव्यात. रक्तस्राव किती दिवस झाला, तो नेहमीइतका होता की नुसते डाग पडले, हेही लिहावे. डॉक्टरांना या साध्या नोंदीतून जे कळते ते कधी कधी महागड्या तपासणीतूनही कळत नाही, आणि नोंद नसेल तर ‘साधारण दोन महिने झाले असतील’ अशा अंदाजावर पुढचे सगळे निर्णय अवलंबून राहतात. गर्भावस्थेच्या सुरुवातीला कधी कधी नेहमीच्या तारखेच्या सुमारास थोडे डाग पडतात आणि ती पाळीच समजली जाते. म्हणून ‘पाळी आली, पण अगदी कमी’ ही गोष्टही लिहून ठेवण्यासारखी आहे.

दुसरी पायरी: गर्भचाचणी

शरीरसंबंध आलेला असेल, मग तो एकदाच आलेला असो, गर्भनिरोधक वापरलेले असो, वा स्त्री विवाहित असो की अविवाहित, तर पाळी चुकल्यावर सर्वांत आधी गर्भचाचणी करावी. दुसरे कोणतेही कारण गृहीत धरण्यापूर्वी हे तपासून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक गोळी आणि एक्स-रेसारखी तपासणी या उत्तरावर अवलंबून असते. चाचणीची पट्टी कोणत्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. गावपातळीवर आशा ताईंकडे ‘निश्चय’ नावाचा संच मिळतो आणि तो सरकारी योजनेतून दिला जातो.

पाळीची तारीख उलटल्यानंतर ही चाचणी करता येते. सकाळची पहिली लघवी घ्यावी, कारण त्यात एचसीजी या संप्रेरकाचे प्रमाण जास्त असते. पाकिटावरची मुदत पाहावी, सांगितले असतील तेवढेच थेंब टाकावेत आणि पाकिटावर दिलेल्या वेळातच, साधारणपणे पाच मिनिटांनी, पट्टी वाचावी. अर्ध्या तासाने दिसलेली रेघ ग्राह्य धरू नये. ‘सी’ या खुणेजवळ रेघ उमटलीच नाही तर चाचणी वाया गेली असे समजून नवी पट्टी वापरावी. ‘सी’ आणि ‘टी’ अशा दोन्ही रेघा आल्या तर गर्भ आहे, आणि ‘टी’ची रेघ फिकट असली तरी त्याचा अर्थ तोच. एकच रेघ आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने चाचणी पुन्हा करावी. बीज उशिरा बाहेर पडले असेल तर पहिली चाचणी खोटा दिलासा देऊ शकते, आणि घाईने एकदाच चाचणी करून निश्चिंत झालेल्या स्त्रिया तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांकडे येतात, हे फार वेळा घडते.

गर्भ आहे असे कळले आणि तो हवा असेल, तर फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करण्यासाठी आणि नाव नोंदवण्यासाठी लगेच डॉक्टरांकडे जावे. साधारण सहा-सात आठवड्यांच्या सुमारास केलेल्या सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे दिसते. ही खात्री महत्त्वाची आहे, कारण काही वेळा गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत रुजतो, आणि नळी फुटल्यास पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जिवावर बेतते. पाळी चुकलेली असताना खालच्या पोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र कळ येणे, डाग पडणे, चक्कर येणे, घेरी येऊन पडणे किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे, यांपैकी काही झाले तर सकाळपर्यंत थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि गर्भ असण्याची शक्यता आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. सासूबाई किंवा वडील शेजारी उभे आहेत म्हणून ती माहिती दडवली गेली, तर निदानाला उशीर होतो; डॉक्टरांशी एकटीने बोलायचे आहे असे म्हणण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे.

गर्भ नको असेल तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत. गर्भपाताच्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित असतात, परंतु गर्भ नळीत असेल तर त्या उपयोगी पडत नाहीत, दिवस चुकीचे मोजले असतील तर गर्भपात अर्धवट होतो, आणि रक्ताचे प्रमाण आधीच कमी असलेल्या स्त्रीला मोठा रक्तस्राव सोसत नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, आणि कायद्याने ठरवून दिलेल्या परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करून घेता येतो. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा वडिलांची सही लागत नाही, आणि अविवाहित स्त्रीलाही ही सेवा नाकारता येत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते. तिच्या बाबतीत पोलिसांना कळवण्याची तरतूद पॉक्सो या, बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात आहे, मात्र मुलीची आणि पालकांची इच्छा असल्यास तिची ओळख उघड न करता हे कळवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. भीतीपोटी दिवस घालवण्यापेक्षा ही माहिती आधी असणे चांगले.

तिसरी पायरी: किती थांबावे, कधी थांबू नये

गर्भ नाही याची दोनदा खात्री झाली, दुसरा कोणताही त्रास नाही, आणि एखादीच पाळी चुकली आहे, अशा वेळी पुढच्या महिन्याची वाट पाहण्यात काही गैर नाही. ज्यांची पाळी एरवी नियमित असते त्यांनी सलग तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांना दाखवावे. ज्यांची आधीपासूनच अनियमित आहे त्यांच्यासाठी पुस्तकी मर्यादा सहा महिन्यांची आहे, पण माझ्या मते त्यांनीही तीन महिन्यांपलीकडे थांबू नये. त्याचे कारण पुढे पीसीओएस या बीजकोशांच्या कामातील बिघाडाच्या संदर्भात येईल. वर्षभरात नऊपेक्षा कमी पाळ्या येत असतील तर तेही तपासणीसाठी पुरेसे कारण आहे.

तीन महिने थांबायचे नाही अशा काही खुणा आहेत. बाळ अंगावर पीत नसताना स्तनांतून दुधासारखा स्राव येणे, सतत डोकेदुखी आणि त्यासोबत कडेचे दिसेनासे होणे, थोड्याच महिन्यांत हनुवटीवर किंवा छातीवर दाट केस येऊन आवाज घोगरा होणे, वजन झपाट्याने उतरणे, चाळिशीच्या आत अंगातून गरम वाफा येणे आणि रात्री घाम फुटणे, किंवा पाळी लांबल्यानंतर तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव सुरू होणे. शेवटच्या प्रकारात तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाळी थांबण्याची कारणे

तरुण वयात गर्भधारणेखालोखाल वारंवार आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस, ज्याला बोलताना बहुतेक जण पीसीओडी म्हणतात. यात बीजकोशात बीजे वाढू लागतात, पण पूर्ण वाढून बाहेर पडत नाहीत, आणि पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण काहीसे वाढते. पाळी दोन-तीन महिन्यांनी येणे, चेहऱ्यावर मुरमे, ओठांवर आणि हनुवटीवर केस, डोक्याचे केस विरळ होणे, पोटाभोवती वजन वाढणे, मानेवरची त्वचा काळवंडून जाड होणे, अशी लक्षणे एकत्र किंवा सुटी दिसतात. सोनोग्राफीच्या अहवालात ‘बीजकोशात अनेक सिस्ट’ असे वाचून मुली आणि त्यांच्या आया घाबरून जातात. या गाठी नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या त्या लहान पिशव्या असतात, त्यांचा कर्करोग होत नाही आणि त्या काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही. केवळ सोनोग्राफीत असे दिसले म्हणून पीसीओएस ठरतही नाही. लांबलेली पाळी, पुरुषी संप्रेरके वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतील चित्र, या तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात आणि थायरॉइडसारखी इतर कारणे नाहीत हे आधी पाहावे लागते. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नसतील तर सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलींचे बीजकोशही तसेच दिसतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात नुसत्या सोनोग्राफीवर ‘पीसीओडी’चा शिक्का मारून कागद दिला गेला असेल, तर दुसरे मत जरूर घ्यावे.

‘पाळी येत नाही, तेवढीच कटकट कमी’ असे म्हणून पीसीओएसकडे दुर्लक्ष करणे मात्र धोक्याचे आहे. बीज बाहेर पडत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकाच्या एकट्याच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे आतील अस्तर महिनोन्महिने जाड होत राहते. वर्षानुवर्षे असे चालले तर त्या अस्तरात कर्करोगाकडे नेणारे बदल होऊ शकतात. म्हणूनच निदान तीन महिन्यांतून एकदा तरी अस्तर गळून पडावे, अशी डॉक्टरांची धडपड असते, आणि वर तीन महिन्यांपलीकडे थांबू नये असे म्हटले ते यासाठी. यात मधुमेहाचा धोकाही वाढतो, त्यामुळे वय विशीचे असले तरी साखर तपासली जाते. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्क्यांनी कमी झाले तरी अनेकींची पाळी आपोआप सुधारते. ७० किलो वजनाच्या मुलीसाठी याचा अर्थ साडेतीन ते सात किलो, म्हणजे न झेपणारे असे काही नाही. परंतु सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, आणि त्यांनी उपाशी राहून वजन उतरवण्याच्या मागे लागू नये.

कारण नेमके याच्या उलट टोकालाही पाळी थांबते. खाणे कमी, श्रम जास्त आणि मनावर ताण, हे तिन्ही किंवा त्यांतले एखादे प्रमाणाबाहेर गेले, की मेंदूतील हायपोथॅलॅमस बीजकोशांना जाणारा संदेश मंद करतो. मेसचे जेवण टाळून चहा-बिस्किटांवर अभ्यास करणाऱ्या मुली, लग्नाआधी झपाट्याने वजन कमी करणाऱ्या तरुणी आणि लांब पल्ल्याच्या धावपटू यांच्यात हे दिसते. नाशिकच्या मैदानांवर पहाटे सराव करणाऱ्या मुलींची संख्या चांगली आहे आणि ही अभिमानाची गोष्ट आहे, पण ‘कसून सराव केला की पाळी जातेच’ हा समज प्रशिक्षकांनी आणि पालकांनी सोडून द्यायला हवा. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडांना बारीक तडे जातात, आणि हाडे भरण्याच्या वयात झालेले हे नुकसान पुढे पूर्ण भरून येत नाही. यावर पहिला उपचार गोळी नसून पुरेसे अन्न आणि काही काळ सराव कमी करणे हा आहे.

थायरॉइडचे काम मंदावले किंवा फार वाढले तरी पाळी बिघडते. साध्या रक्ततपासणीत ते कळते आणि उपचार सोपे असतात. प्रोलॅक्टिन हे दूध निर्माण करणारे संप्रेरक वाढले तर पाळी थांबते आणि स्तनांतून स्राव येऊ शकतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतील लहान गाठ हे त्याचे एक कारण आहे, आणि बहुतेकदा ती शस्त्रक्रियेविना, गोळ्यांनीच आटोक्यात येते. मळमळीवरच्या डोमपेरिडोनसारख्या आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते. अशी औषधे चालू असतील तर ती मनाने बंद करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांना सांगून औषध बदलता येते.

आपल्या देशात आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो, तो म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. हा आजार गर्भाशयाचे अस्तर आणि नळ्या हळूहळू खराब करतो. खोकला नसतो, ताप असेलच असे नाही, आणि पाळी कमी कमी होत जाऊन थांबणे किंवा मूल न होणे एवढेच लक्षण असते. घरात कोणाला पूर्वी टीबी झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गर्भपातानंतर किंवा प्रसूतीनंतर गर्भाशय साफ करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि तेव्हापासून पाळी आली नसेल, तर आतील अस्तर चिकटले असण्याची शक्यता असते, म्हणून तीही माहिती द्यावी.

गर्भनिरोधकांमुळे थांबलेली पाळी हा वेगळा विषय आहे. सरकारी दवाखान्यांत मिळणारे ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेतात, आणि त्यावर पाळी अनियमित होणे किंवा पूर्ण थांबणे अपेक्षितच असते; त्याने रक्त आत साठून राहत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर गर्भधारणेची क्षमता परत यायला अनेक महिने लागू शकतात, त्यामुळे लवकर मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ते निवडताना हे विचारात घ्यावे. ‘छाया’ या साप्ताहिक गोळीनेही पाळी लांबते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. संबंधानंतर घेतलेल्या आपत्कालीन गोळीने पुढची पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. त्याहून जास्त उशीर झाला तर गर्भचाचणी करावी.

बाळ फक्त अंगावर पीत असते तोवर अनेक महिने पाळी येत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, त्याला रात्रंदिवस केवळ आईचे दूध दिले जाते आणि पाळी एकदाही आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तोपर्यंतच गर्भापासून चांगले संरक्षण मिळते. त्यांतली एक जरी बदलली तरी पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात, कारण बीज पाळीच्या आधी बाहेर पडते.

पंचेचाळिशीनंतर पाळ्या लांबू लागल्या तर बहुधा रजोनिवृत्ती जवळ आलेली असते. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती पूर्ण झाली असे मानतात. तोवर गर्भ राहू शकतो, म्हणून शेवटची पाळी पन्नाशीच्या आधी आली असेल तर दोन वर्षे आणि नंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. वर्षभर पाळी बंद राहून नंतर पुन्हा डाग जरी दिसला, तरी ‘राहिलेली पाळी आली’ असे म्हणून सोडून देऊ नये. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते आणि त्या टप्प्यावर उपचार चांगले होतात. पाळी चाळिशीच्या आतच थांबली तर ते नैसर्गिक समजू नये. बीजकोशांचे काम अकाली थांबलेले असू शकते, आणि हाडे व हृदय यांच्या रक्षणासाठी संप्रेरकांचा उपचार लागू शकतो.

मुलीला पाळी आलीच नाही तर

पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षे झाली तरी पाळी नाही, तर मुलीला डॉक्टरांकडे न्यावे. तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढच सुरू झाली नसेल तर त्याही आधी न्यावे. ‘तिच्या आत्यालाही उशिराच आली होती’ हे पुष्कळदा खरे असते, पण ते तपासणीनंतर म्हणावे. एखाद्या मुलीला पाळी दिसत नाही, पण दर महिन्याला चार-पाच दिवस ओटीपोटात दुखते, आणि कधी लघवीला अडते, तर योनिमार्गाच्या तोंडाशी असलेला पडदा पूर्ण बंद असल्यामुळे रक्त आत साठत असू शकते. यावर छोटी शस्त्रक्रिया पुरते, आणि ती लवकर झालेली बरी. उंची फार कमी असणे, जन्मतः गर्भाशय नसणे अशा गोष्टींचा उलगडा सोनोग्राफी आणि गुणसूत्रांच्या तपासणीतून होतो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी भागांतील मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी पाहाव्यात. कुपोषणामुळे वयात येणे लांबते, आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलींनाही पाळी उशिरा सुरू होते. वारंवार सांधे दुखणे, कावीळ दिसणे किंवा घरात कोणाला सिकलसेल असणे, अशी पार्श्वभूमी असल्यास सरकारी दवाखान्यात त्याची रक्ततपासणी करून घ्यावी.

नाशिकमध्ये कोठे जावे

पहिल्या भेटीसाठी मोठे रुग्णालयच लागते असे नाही. जवळचे एमबीबीएस डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रही गर्भचाचणी आणि सुरुवातीच्या रक्ततपासण्या सांगू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञ हवे असतील आणि खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, तेथे जावे. महापालिकेची रुग्णालये वस्तीच्या जवळ पडतात: नाशिक रोडला बिटको, कथड्याला डॉ. झाकीर हुसेन, पंचवटीत इंदिरा गांधी. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढावा. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालवली जातात. तेथे समुपदेशकांशी एकांतात बोलता येते, म्हणून संकोच वाटणाऱ्या मुलींनी चौकशी तेथून सुरू करावी.

डॉक्टरांकडे गेल्यावर

पाळीच्या तारखांची नोंद, आधीचे रिपोर्ट आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाचे पाकीट सोबत न्यावे. त्यात काढे, वजन कमी करण्याच्या पावडरी आणि परस्पर घेतलेल्या गोळ्याही आल्या. शरीरसंबंधांविषयी डॉक्टर विचारतील. हा प्रश्न चारित्र्याचा नसतो, निदानाचा असतो, आणि त्याचे खरे उत्तर द्यावे. विचारण्याची पद्धत अपमानास्पद वाटली तर डॉक्टर बदलावेत, पण माहिती लपवू नये.

साधारणपणे वजन, उंची, रक्तदाब पाहून लघवीची गर्भचाचणी करतात आणि रक्तातील टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, एफएसएच (बीजकोशांच्या कामासाठी), साखर, गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासतात. सोनोग्राफी पोटावरून करताना लघवी भरलेली लागते, म्हणून घरून निघताना भरपूर पाणी प्यावे. आतून करायच्या सोनोग्राफीला स्त्रीची संमती लागते आणि ज्या मुलीचा शरीरसंबंध आलेला नाही तिला ती सहसा सांगितली जात नाही. तिच्या आतून तपासणीचीही बहुधा गरज पडत नाही; या भीतीने घरी बसणाऱ्या मुलींना हे आधीच सांगून ठेवायला हवे. कोणत्याही तपासणीच्या वेळी सोबत स्त्री परिचारिका असावी, अशी मागणी करता येते.

यानंतर डॉक्टर अनेकदा पाच ते दहा दिवसांची प्रोजेस्टेरॉन प्रकारची गोळी देतात, आणि ती संपल्यावर साधारण आठवडाभरात रक्तस्राव होतो. मेडिकलमधून परस्पर मिळते ती गोळीही पुष्कळदा याच प्रकारची असते. फरक एवढाच की डॉक्टरांनी गर्भ नाही याची खात्री केलेली असते, आणि गोळीनंतर रक्तस्राव झाला की नाही यावरून त्यांना शरीरात इस्ट्रोजेन पुरेसे आहे का, मार्ग मोकळा आहे का, याचा अंदाज येतो. परस्पर घेतलेल्या गोळीने पाळी आली तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन किंवा साखर यांचा दोष तसाच राहतो आणि पुढच्या महिन्यात पाळी पुन्हा थांबते. गर्भ असेल तर गोळीने पाळी येतही नाही आणि दरम्यान आठवडे निघून जातात.

सण, यात्रा आणि पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

नवरात्रात सप्तशृंगी गडावर जायचे असते, घरात लग्न किंवा सत्यनारायण असतो, आणि आता २०२७ च्या सिंहस्थातील स्नानांसाठीही अनेक जणी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची चौकशी करतील. पाळीत देवदर्शनाला जावे की नाही, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारून ठरवावे. तिच्यावर गोळी घेण्याची सक्ती मात्र कोणीही करू नये, असे मला ठामपणे वाटते. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. ती पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा किंवा स्तनाचा आजार असेल, किंवा गर्भाची शंका असेल, तर ती घेऊ नये. अर्धशिशी किंवा जास्त वजन असणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळ्या चालू असताना एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर गोळी बंद करून तातडीने रुग्णालयात जावे. मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून दोन गोळ्या उचलून घेणे, किंवा दर सणाला हा उपाय करणे, यांमुळे चक्र विस्कटते, आणि मग पाळी कशामुळे थांबली हे ठरवणे डॉक्टरांनाही अवघड जाते. गोळी बंद करून आठवडा झाला तरी पाळी आली नाही, तर पुन्हा गर्भचाचणीपासून सुरुवात करावी.